आभारप्रदर्शन

बावीस वर्षं मंडळात माझं काम एकच:
सगळ्यांचं बोलून झालं की उठायचं.
तोवर मागच्या रांगा चपला शोधायला लागलेल्या असतात,
जिन्यात स्कूटरच्या किल्ल्या वाजतात,
आणि मी, स्वेटरवर जाकीट, खिशात चिठ्ठी,
लोकांच्या पाठींना म्हणतो,
"दोनच मिनिटं घेतो."

दौलतगंजात, शिलाई मशीनच्या दुकानावर आमचा हॉल.
व्याख्यान रंगात आलं की खाली हमखास
कुणीतरी नवी मशीन चालवून बघतं
आणि वक्त्याच्या वाक्याला टीप बसते.
बाहेरगावचे पाहुणे दचकतात.

चिठ्ठी दर वेळी नवी लिहितो, क्रम तोच:
अध्यक्ष, पाहुणे, परिचय करून देणारे भालेराव मास्तर,
सतरंजीवाले, माइकचा रामसिया
(मराठी बोलत नाही, पण कुठल्या वाक्याला
आवाज वाढवायचा ते त्यालाच कळतं),
शेवटी ज्ञात-अज्ञात.
अज्ञात कोण, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

त्या जानेवारीत धुकं असं
की बाड्यावरून येताना रिक्षावाला
डोकं बाहेर काढून रस्ता हुंगत होता.
कादंबरीकार बाई पुण्याहून, गाडी सात तास लेट,
स्टेशनवरून थेट हॉलवर. हातमोजे न काढता बोलल्या.
छान बोलल्या. म्हणाल्या, "ग्वाल्हेरचं मराठी किती गोड,
जुन्या ट्रंकेत जपलेल्या लुगड्यासारखं."
टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.
मग नाकाशी डांबरगोळीचा वास
बराच वेळ राहिला.

प्रश्नांना इंगळेकाकू उठल्या, कानटोपी न काढता.
"तुमची किताब दोनदा वाचली मी.
त्यातली ती बाई रात्री विहिरीवर जाते,
पहाटे परत येते.
दोर कुठे ठेवते?"

कुणीतरी हसलं.
"म्हणजे?"
"म्हणजे जाताना खांद्यावर दोर आहे. येताना नाही.
मी मागे जाऊन पाहिलं.
घागर आहे."

बाईंनी पुस्तक उघडलं, चष्मा बदलला.
पानं उलटली, परत उलटली.
रामसियाने आवाज वाढवला:
हॉलभर नुसती पानं.
"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.
हे वाक्य या माइकवर कुणा पाहुण्याने
बावीस वर्षांत उच्चारलं नव्हतं.

मी उठलो. अध्यक्ष, मास्तर, सतरंजीवाले, रामसिया,
गजकवाले, मशीनवालेसुद्धा,
चिठ्ठीत नव्हत्या तरी इंगळेकाकू,
ज्ञात-अज्ञात.
बसलो.
मास्तर कानाशी आले: "अहो, पाहुण्या राहिल्या."

रात्री दीड. गाडी धौलपूरला अडकलेली.
फलाटाच्या बाकावर नारळ, गजकचा डबा,
आणि बाईंनी सत्काराची शाल खरोखर पांघरलेली,
जे मी कधी पाहिलं नव्हतं.
माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या,
"घाईत असेल ती. दोर विहिरीवरच राहिला असेल."
मग बऱ्याच वेळाने,
"नाही. तशी नाही ती."
गजकची वडी मोडून अर्धी मला दिली.
तिळाचे चार दाणे शालीवर पडले, ते वेचून खाल्ले.
समोर रूळ दिसत नव्हते. काहीच दिसत नव्हतं.
दोघं त्या दिशेला बघत राहिलो.

होळीच्या सुमारास काकूंना पुण्याचं पोस्टकार्ड आलं.
दाखवत नाहीत.
मी आभाराला उठतो तेव्हा
पुढच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसतात,
आणि शेवटच्या नावापर्यंत
जागच्या हलत नाहीत.