के-नऊ

शिवडीला, तिसऱ्या मजल्यावर,
सदतीस अंशांच्या कपाटात पेशी वाढतात.
बाहेर ओहोटी. खाडीच्या चिखलाचा वास
लिफ्टमधून वर येतो, दारापाशी थांबतो.
आत नुसतं स्पिरिट.

एका प्लेटमध्ये तीनशे चौऱ्याऐंशी खळगे,
एकेक साबुदाण्याएवढा.
पिपेट दाबून दाबून माझा अंगठा
आता पोळी लाटतानाही ठणकतो.
दर खळग्यात वेगळं रसायन
आणि सगळ्यांना तोच प्रश्न:
काय करतंस तू हिला?

हिला म्हणजे कुणाला, ते विचारायचं नसतं.
कुपीवर लिहिलंय: स्त्री, एकावन्न, डावा स्तन.
त्या बाई गेल्या असतील.
मागे राहिलं हे, दर दोन दिवसांनी दुप्पट होणारं.
रविवारीसुद्धा मी यांना खाऊ घालायला येते.

पहिल्यांदा कडेच्या रांगेत काहीतरी सापडलं.
पेशी आक्रसलेल्या, केंद्रकं चुरगळलेली.
सावे सरांनी पेढे मागवले. "केणी, दोन घ्या."
मग कळलं, औषध कसलं नि काय,
कडेचं पाणी रात्रीत उडून गेलं होतं.
तोवर पेढे संपले होते.

के-नऊ मधोमध आहे.
तिथे कुणी मेलेलं नाही.
निळी केंद्रकं जागच्या जागी,
पण हिरव्या धाग्यांनी एक दिशा धरलीय.
एरवी एकमेकींवर चढणाऱ्या या
अंग चोरून बसल्यात,
बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर
पर्स मांडीवर घेऊन बायका बसतात तशा.

पुन्हा केलं. नवी प्लेट, नवी बाटली,
खळगे मुद्दाम उलटसुलट.
पुन्हा तेच.

"पण हे धरतंय कशाला?"
शंभर प्रथिनं तपासली, एकाही कुलपाला ही किल्ली लागेना.
कुणीतरी ॲसिडिटीसाठी बनवून
वीस वर्षांपूर्वी टाकून दिलेलं रसायन.
माहुलच्या देवकाबाई लचक उतरवतात.
कुठली शीर दाबली विचारलं तर
पदराला हात पुसत म्हणतात,
"उतरली ना? मग ऊठ."

सरांना हे सांगितलं नाही.
अहवालात रकाना आहे: क्रिया कशी होते.
मी 'अज्ञात' टाइप करते,
दिवे मालवते,
कपाटाचं दार दोनदा ओढून बघते.
आकडा सदतीसच आहे ना,
तेवढं बघते.