सुरगाठ

धाराशिवच्या बालगृहाची जीप आली तेव्हा
मी गोठ्यात होते, मनगटापर्यंत हात भरलेले.
काळीचं तिसरं पिल्लू आडवं आलं होतं.
मॅडम म्हणाल्या, प्रयागबाई, हा विश्वंभर. सहा महिने राहील.
कागदावर सही पाहिजे.
म्हटलं, थांबा, आधी याचे पाय.

पोरगं पंधराचं. नजर चपलेवर.
दोन्ही मनगटांवर जुने काळे वळ,
दावं घासून वासराच्या मानेवर उठतात तसे.
मी विचारलं नाही.
नव्या जनावरालाही पहिल्याच दिवशी
कोणत्या बाजारातून आलास, असं विचारत नाहीत.

शेळीला सडं दोनच, आणि पिल्लं तीन.
तिसऱ्याला काळी शिंगानं लोटायची.
बाटली त्याच्या हातात दिली.
दूध कोमट, मान वर धर, दर तीन तासांनी.
पहिल्या दिवशी अर्धं सांडलं.
दुसऱ्या दिवशी अर्धं स्वतःच पिऊन टाकलं.
तेही विचारलं नाही. बाटली मोठी आणली.

पंधराव्या रात्री पळाला.
तुरीतून, ओढ्यातून, थेट येरमाळ्याच्या फाट्यावर.
पहाटे गेले तर थांब्यावर बसलेला,
सदऱ्यात पिल्लू, बाहेर फक्त दोन कान.
दोन गाड्या निघून गेल्या होत्या.
काय रे, कंडक्टरनं याचंही तिकीट मागितलं का?
"त्याला भूक लागली होती," म्हणाला.
माझ्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.
स्वतःच्या भुकेचं काही नाही.

परवा मात्र त्यानंच विचारलं,
"मावशे, हा बोकड हाय. इकणार ना?"
शेळ्यांपुढं खोटं बोलायचा सराव नाही मला.
म्हटलं, इकावा लागतो बाबा. आषाढात भाव असतो.
बादली लाथाडली त्यानं. रात्री जेवला नाही.
सकाळी उठून बघते तर
शेवरीचा पाला तोडून आणलेला,
सगळ्यांपुढं टाकलेला,
बोकडापुढं सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त.

दावं बांधताना बघते मी त्याला.
निरगाठ मारत नाही कधी. सुरगाठच,
एका ओढीत सुटेल अशी.
दोनदा शेळ्या सुटून मांडव्याच्या हरभऱ्यात गेल्या,
तो दारात येऊन माझ्या सात पिढ्या मोजून गेला.

म्हटलं, ये इकडं, घट्ट गाठ शिकवते तुला.

म्हणाला,
"येती मला."