अक्षांश आधी

पहिल्या दिवशी आमची सगळी मेंढरं समुद्रात होती.
बारेंट्सच्या समुद्रात, बर्फाच्या काठाशी:
एकशे बारा तंबू, सत्तावीस झरे,
आणि तोक्तोसुन आजोबांच्या लंगड्या घोड्याचा तबेला.
फाईल म्हणत होती, रेखांश आधी.
नकाशा म्हणत होता, अक्षांश.
दोघांच्या भांडणात अख्खा नारीन जिल्हा
उत्तर ध्रुवाकडे निघाला होता.

बुरुलचा, तुझी कुरणं भिजली,
असं स्वतःलाच म्हणत
स्वल्पविरामाच्या अलीकडचं पलीकडे केलं.
डोंगर जागेवर आले.

कुरण समितीकडे नकाशासाठी पैसे नव्हते.
होते ते कुंपणाच्या तारेत गेले,
उरले ते नुरगाझीच्या जीपच्या टायरांत.
म्हणून तो फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला.
फुकटचा म्हणजे कुणी टाकून दिलेला नव्हे.
पाणपोईसारखा.
रांजण कुणी भरला, ठाऊक नाही,
पण पेला साखळीनं बांधलेला नव्हता.

त्याच्या पोटातल्या ओळी वाचत गेले.
एके ठिकाणी कुणी लिहून ठेवलं होतं,
"हे का चालतं मला कळलेलं नाही. हात लावू नका."
तारीख सात वर्षांपूर्वीची.
मीही लावला नाही.

संध्याकाळी आधी नेट जायचं, मग वीज.
तोवर नकाशा राखी चौकोनांतून उगवायचा,
फरशी बसवावी तसा एकेक,
अर्धी नदी, मग बराच वेळ काहीच नाही, मग उरलेली नदी.
मेंढपाळ माझ्या खुर्चीमागे गर्दी करून,
पडद्यावर बोटांचे तेलकट ठसे:
"इथे नाही. वर. त्याच्याही वर."
"हे तुझं उपग्रहाचं चित्र जुलैचं आहे, पोरी.
मे महिन्यात इथून घोडासुद्धा उतरत नाही."
मग मी मे महिन्याचा थर वेगळा केला.

नावं मात्र फुटायची.
आमचं एक अक्षर आहे, नाकातून निघणारं,
ते आलं की तिथे नुसती चौकट,
पडलेल्या दाताच्या जागेसारखी.
तीन रात्री खपून चार ओळी दुरुस्त केल्या
आणि जिथून घेतलं तिथे परत पाठवल्या.
नवव्या दिवशी होबार्टहून
लिनेया नावाच्या कुणी कळवलं:
घेतलं. आभार. अक्षर देखणं आहे.
आई म्हणाली, होबार्ट कुठे आलं?
दाखवायला नकाशा उघडला,
तर नेट नव्हतं.

एक ठिकाण तोक्तोसुन आजोबांनी पुसायला लावलं.
कारा-सायच्या वरच्या अंगाला,
मार्चमध्ये बर्फाचा कडा सुटला तिथे
त्यांचा थोरला झेनिश आणि साठ मेंढ्या.
"टिंब नको. टिंब दिसलं की लोक बोट लावतात.
बोट लावलं की तुझी ती खिडकी उघडते.
खिडकीत काय लिहिणार तू?"
मी पुसलं.

ऑक्टोबरात, कळप खाली उतरल्यावर, ते पुन्हा आले.
बूट झटकले. चहा गार होऊ दिला.
"असं करता येतं का," म्हणाले,
"की लांबून दिसू नये.
बिश्केकमध्ये बसून बघणाऱ्याला नको,
दरीतून नुसत्या जाणाऱ्यालाही नको.
पण कुणी जवळ आलं,
दगड न् दगड मोजता येईल इतकं जवळ,
तर त्याला दिसावं."

करता येतं.
एकच ओळ आहे त्यासाठी, आयती:
सतरा पातळ्या आत शिरल्याशिवाय दाखवू नये.
कुठल्या तरी शहरातल्या माणसानं लिहिली असेल,
सायकलींचे स्टँड, कचऱ्याचे डबे
नकाशावर दाटी करू नयेत म्हणून.

मी आकडे भरले. अक्षांश आधी. दोनदा तपासलं.
खिडकी रिकामी ठेवली.
आजोबांनी दोन बोटांनी डोंगर ताणला,
आणखी ताणला,
पडदा पुन्हा राखी झाला.
नेट हळू होतं.
आम्ही थांबलो.