सुटे

ग्ल्दानीतल्या या नऊ मजली इमारतीचा नकाशा
मीच काढलाय. म्हणजे शाई माझी, हुकूम वरचा.
जिना आणि खालचा बोळ एक मीटर वीस,
मजल्यावर चार दारं,
एकाचं दार दुसऱ्याच्या दारासमोर येणार नाही अशी.
माणसं थांबतील कुठे, हे तेव्हा
मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.
पट्टी ठेवली, बोटांची शाई धुतली,
आणि नशीब बघा,
घर मिळालं ते इथेच, सातव्यावर.

मग देश बदलला, वीज जायला लागली,
आणि लिफ्टमध्ये कुणीतरी पत्र्याची पेटी ठोकली:
नाणं टाका, तरच वर जाल.
शिव्या सगळ्यांनी दिल्या. मी जरा जास्तच.
पण माझ्या नकाशातली चूक
त्या पेटीनं दुरुस्त केली, मला न विचारता.
"सुटे आहेत का?"
आमच्या इमारतीत बोलणं सुरू झालं ते या वाक्यानं.
त्सियालाच्या पिशवीत नाणं सापडेपर्यंत कळायचं
की हिरवे आलुबुखार महागलेत,
धाकटा पोलंडला गेलाय,
फोन करतो, पण बोलत काही नाही.
आठव्यावरचा वाझा नाणं नेहमी विसरायचा.
मुद्दाम, असं माझं मत.
एका नाण्यात पाच जण कोंबून वर जायचो
आणि उतरताना हिशेब:
तुझं एक राहिलं माझ्याकडे.
राहू दे गं.
ते कधीच फिटलं नाही. बरं झालं.

गेल्या हिवाळ्यात नवी लिफ्ट आली.
चकचकीत, फुकट, वर आरसा.
आता आम्ही आकडे बघतो,
तीन, चार, पाच,
कुणाकडे काही मागायचं नाही,
सगळेच सुटे.

मार्चमध्ये झाऊरनं मोडीत काढलेल्या झिगुलीचं
मागचं सीट आणून टाकलं
तळमजल्यावर, टपालपेट्यांखाली.
तपकिरी रेक्झिन, एका कोपऱ्यातून स्प्रिंग बाहेर.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद: हे उचला.
खाली कुणीतरी: का?
त्याखाली: वाट अडते.
त्याखाली: तुमची की तुमच्या फ्रिजची?
आठवड्यात कागदाला कागद चिकटवावा लागला.
नावं, घर क्रमांक, सह्या.
तिसऱ्यावरची जी मुलगी चार वर्षं
मला नुसती मान हलवत आली
तिचं नाव तेओना आहे,
आणि उचला म्हणणाऱ्यांत ती सगळ्यात वर.
अक्षर मात्र सुरेख. नकाशावर शोभेल असं.

भांडण अजून मिटलेलं नाही.
काल संध्याकाळी त्याच सीटवर बसून
मी सगळा कागद वाचून काढला.
मग मोजपट्टी काढली, हात राहवेना.
बोळ एक मीटर वीस. सीट त्रेपन्न सेंटिमीटर.
उरले सदुसष्ट.
एक माणूस जाईल,
पण जाताना त्याला म्हणावं लागेल,
जरा पाय घ्या.