आधी पाय

अमळनेरला, टायरच्या दुकानावरच्या जिममध्ये
कोपऱ्यात एक नाव आहे.
म्हणजे एक रूळ, त्यावर सरकती बैठक,
एक साखळी, आणि जाळीतलं चाक,
ओढलं की गिरणीसारखं घुमणारं.
खिडकीतून बोरी दिसते.
म्हणजे बोरीची वाळू. तिच्यात पोरांनी रोवलेले स्टंप.

डॉक्टर म्हणाले, मणके झिजलेत, पाठ कमवा.
एकतीस वर्षं मी ब्लाउजांवर वाकलेली.
कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ रुंद,
सगळं वहीत आहे.
माझं माप त्यात नव्हतं.

पहिला आठवडा मी नुसतं ओढलं.
विहिरीतून भरली बादली ओढावी तसं,
हातांनी, खांद्यांनी, दातांनीसुद्धा.
चाकाचा खटका पोरं दहावर ठेवत, मीही दहावर.
मिनिटाला चौतीस हेलपाटे
आणि पाचशे मीटरला तीन मिनिटं बारा सेकंद.
घरी केस विंचरायला हात वर जाईना.

सुकलाल बाविस्कर तिथे फरशी पुसतो, कुलपं लावतो.
फौजेत असताना शर्यतीची नाव वल्हवायचा
हे मला फार उशिरा कळलं.
चार दिवस तो पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत राहिला.
पाचव्या दिवशी खटका चारावर आणला.
"ताई, हात नंतर. पहिले पाय लोट."

पाय, मग कंबर, मग हात.
परत जाताना उलट. हात, कंबर, गुडघे.
एवढंच. एवढ्यावर मी महिनाभर अडखळले.
हात सुटायच्या आत गुडघे वर येत,
मूठ त्यांच्यावरून उडी मारून जाई,
साखळी हिसका खाई.
सुकलाल नुसतं "च्च" करी, आणि पुसत पुढे जाई.

मग एका दुपारी शिवणवर्गात
पारोळ्याची योगिनी अस्तर जोडताना
कापड मागून ओढत होती. सुई मोडली.
मी मान वर न करताच म्हणाले,
"ओढू नको गं. खालचे दात नेतात कापड.
हातांनी फक्त वाट दाखवायची.
जोर पायाचा."
म्हणाले, आणि कात्री अर्ध्या कापडात थांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच,
मे महिना, भिंती रात्रभर निवल्याच नव्हत्या.
हात दोरीसारखे सैल सोडले
आणि टाचांनी जमीन ढकलावी तशी पाटी ढकलली.
चाक वेगळ्याच आवाजात बोललं.
खालच्या पट्टीत, भरून.
जोर कमी लावल्यासारखा वाटला
म्हणून मी घाबरून पडद्याकडे पाहिलं.

"मांगे येताना घाई कोन करस?" सुकलाल म्हणाला.
"तू उगी ऱ्हास तवय नाव पयस."
पटलं नाही.
आयुष्यभर बसून राहिलं की काम तुंबतं, हेच पाहिलेलं.
तरी मोजलं. जाताना एक,
येताना दोन, तीन.
त्या दोन-तीनमध्ये काहीच करायचं नसतं.
सर्वांत अवघड तेच.

बावीस हेलपाटे. दोन मिनिटं एकोणपन्नास.
घरी येऊन मापाच्या वहीत लिहिलं,
पाटीलवाड्यातल्या सुनेच्या बाहीखाली:
छाती छत्तीस, बाही नऊ, दोन एकोणपन्नास.
योगिनीने विचारलं, हे कुठलं माप?
पाठीचं, म्हटलं.

अजून चुकतं. गिऱ्हाईकाशी वाजलं
की सकाळी हात आधी धावतात.
जिन्यापाशी पुसणारा सुकलाल तिथूनच ओरडतो, "पाय!"
न बघता कसं कळतं, हे मी विचारत नाही.
मलाही बाजूच्या खोलीतून कळतं
कोणाच्या मशीनचा पट्टा ढिला झालाय.

एकदाच विचारलं, तू का नाही बसत यावर?
त्याने बादलीत पोछा पिळला,
खिडकीतून वाळूकडे बघितलं.
"पानी येई तवय," म्हणाला,
आणि बादली उचलून जिन्याकडे गेला.