पाच सेंटची कडी

टोलेडोहून पत्र आलं की कात्री माझी,
तिकीट पारिसा शिरगुप्पेंचं.
असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.
उद्यमनगरातली फौंड्री, डिस्पॅचचं टेबल,
खिडकीच्या गजांवर काळ्या वाळूचा थर,
आणि चार वाजले की ते यायचे, इन्स्पेक्शनचे,
डोळ्याला लावायचं भिंग खिशात घालून.
त्याच भिंगानं सकाळी पंपाच्या केसिंगमधली भोकं शोधायची,
चहाच्या वेळी अमेरिका.

बशीत कोमट पाणी. तिकीट उपडं.
गोंद सुटेपर्यंत बोलायचं नाही.

इतिहास आमच्याकडे सालवारीनं आला नाही.
चंद्र आधी आला, दहा सेंटचा,
पाय टेकवायच्या बेतात असलेला माणूस.
मग घोड्यावरचा टपालवाला.
मग दोन राष्ट्राध्यक्ष, त्यातल्या एकाच्या नाकावर शिक्का.
आणि आगगाडी आली जांभळी,
रूळ जुळल्याचा शेवटचा खिळा ठोकतायत ती.
त्यांनी भिंग खाली ठेवलं.
"खिळा ठोकताना समदी हजर.
रूळ ज्यानं केला त्येचं तिकीट कुठाय?"
मी म्हटलं, नसेल काढलं.
"तेच म्हणतोय."

पुढं तिकडून मशीनचा लाल शिक्का यायला लागला.
पाकिटं तीच, भाव तोच, तिकीट नाही.
चार वाजता ते यायचे, पाकीट उलटंपालटं करायचे,
रिकामी बशी परत कपाटात.
त्या महिन्यात तीन केसिंगा तडकल्या निघाल्या,
भरपाईचं पत्र मी टाइप करत होते.
म्हणाले, खाली एक ओळ टाका, बाई:
शक्य असल्यास तिकिटं लावावीत.
मालकांनी न वाचता सही केली.

दीड महिन्यानं जाड पाकीट.
आत एकच कागद, भरपाई पोचली म्हणून.
बाहेर तिकिटंच तिकिटं,
कुणाच्या तरी ड्रॉवरात वर्षानुवर्षं पडलेली,
तीन सेंट, चार सेंट, पाच,
कोल्हापूर लिहायला कोपरा तेवढा उरलेला.
मागं पेन्सिलीनं: डॉरथी, स्टोअर्स.
तिच्याबद्दल याहून जास्त आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यात ही होती.
निळ्यावर काळी साखळी, एक कडी तुटलेली,
बाजूला दोन सालं, मध्ये शंभर वर्षं.
गुलाम सोडल्याची, मी सांगितलं, मला तेवढं माहीत होतं.
ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले,
रिजेक्ट माल बघावा तसे.
"ओतकामात दोष न्हाई," म्हणाले.
"ही तोडलीया."

एकोणीसच्या महापुरात कुंभार गल्लीत कमरेएवढं पाणी होतं.
मी गेले तेव्हा गाळ निघाला होता,
पारिसा अण्णा, चौऱ्याऐंशीचे, ओट्यावर
ब्लॉटिंग पेपर नाही म्हणून
नातवाच्या वह्यांची पानं पसरून बसलेले.
आल्बमची पानं फुगून पावासारखी.
तीस वर्षं बशीभर पाण्यानं जे केलं
ते पंचगंगेनं एका रात्रीत केलं होतं, सगळं सुटं.
चंद्रावरचा माणूस टपालवाल्याच्या घोड्याला चिकटलेला.
राष्ट्राध्यक्षाचा रंग उतरून गंजीसारखा.
जांभळी आगगाडी सापडलीच नाही.

मी विचारलं, आता सालाप्रमाणे लावायची का?
ते हसले. दात नव्हते.
"पूर कुठं सालाप्रमाणं आला?"

मग चिमट्यानं पाच सेंटचं उचलून
उन्हाकडं धरलं, भिंग लावलं.
हात थरथरत होता, त्यामुळं साखळी हलत होती.
मी वाट बघत उभी.
खाली गल्लीत कोणीतरी ओली गादी बडवत होतं.

"बघा," भिंग माझ्याकडं देत म्हणाले,
"एवढ्या पाण्यातनं बी
जुळली न्हाई."