आकडा बसेपर्यंत

सावद्याच्या बायपासला आमचा वजनकाटा.
रात्री दोनला केळीचा ट्रक चढतो
आणि खिडकीतल्या डब्यावर लाल आकडे थरथरतात :
बावीस हजार चारशे दहा, तीनशे नव्वद, चारशे.
लोटूआप्पा लगेच पावती फाडत नाहीत.
म्हणतात, आकडा बसू दे.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी
गुरुत्वाकर्षण दुरुस्त करत बसलेली, तीन वर्षं.
जुन्या समीकरणात एक पद वाढवलं,
अवकाशाची वक्रता आणि त्यातली वस्तू
यांची थेट गाठ मारणारं.
रिकाम्या विश्वात ते गुणी निघालं.
जरा हलवलं, की डोलून परत जागेवर.
बांभोरीहून सरांचा फोन : पेढे कधी?

मग काल मी त्यात एक तारा ठेवला.
फार मोठा नाही, आपल्या सूर्याएवढा.
दुसऱ्या अवकलजाचं चिन्ह उलटलं
आणि इवलासा धक्का
वाढला, वाढतच गेला,
पापणी लवायच्या कितीतरी आधी
माझ्या कागदावर सूर्य उरला नाही.
पुढच्या पानावर तर
उणे ऊर्जेचं एक पद दबा धरून बसलेलं.
अशाला आमच्यात भूत म्हणतात.

एवढा एकच शब्द आप्पांना ऐकू गेला.
"कोन्त्या झाडावर?"
एकेचाळिसाव्या पानावर, मी म्हटलं.

ते हसले नाहीत.
मे महिन्यातलं वावधान पाहिलेला माणूस.
रावेरकडची बाग एका रात्रीत आडवी,
टेकूच्या बल्ल्यांसकट.
पडली ती सगळी घड धरलेली.
काल-परवाची पिलं मात्र उभी,
जणू काही झालंच नाही.
"खाली ट्रक कोन्हीबी तोलीन वं माय,
भरला का मंग कळते."

मी पान फाडलं नाही.
वर लिहिलं : अस्थिर. वस्तू असताना.
खाली तारीख, आणि उगाच वेळसुद्धा,
दोन वाजून अठ्ठावीस.
सरांना सकाळी सांगेन.
तीन वर्षांचं वजन पावतीवर मावत नाही.

ट्रक उतरला, दिल्लीच्या वाटेला लागला.
ताडपत्रीची दोरी मागे लोंबत होती.
डब्यावर शून्य यायला हवं,
आला वीस.
पुन्हा पाहिलं. वीसच.
बाहेर जाऊन टॉर्च मारला तर
लोखंडी प्लेटच्या मधोमध
एक तांबूस कुत्रं मुटकुळं करून झोपलेलं,
प्लेट अजून ट्रकच्या चाकांनी कोमट असेल.

आप्पांनी त्याला उठवलं नाही.
आकडा बसला होता.